संदर्भ कशासाठी?

(डिचोली येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



 शास्त्रज्ञ आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ का देतात आणि त्यामागचा हेतू मशीन लर्निंगच्या मदतीने कसा ओळखता येतो, हा आजचा विषय आहे. विषय लांबचा वाटेल, पण त्याची सुरुवात डिचोलीपासूनच करता येते.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे ‘डिचोलीचा संघर्ष’, नावाचा लेख आला. १६४०-४१ मध्ये डिचोलीच्या परिसरात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झाले, असे त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत सांगितले होते. भाषा घोटीव होती आणि जागोजागी पुस्तकांचे दाखले होते. काही आठवड्यांतच त्याला तिथला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि पुढची पाच वर्षे तो तिथे टिकून राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने त्यातली पुस्तके शोधायला घेतली, तेव्हा मुख्य आधार म्हणून दिलेले ग्रंथ कुठेच सापडेनात. ते कधी लिहिलेच गेले नव्हते, आणि युद्धही झाले नव्हते. लेख काढून टाकण्यात आला.

१६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोलीवर अंमल आदिलशाहीचा होता. पोर्तुगीजांना घोर होता तो डचांचा, कारण १६३६ पासून डच जहाजे गोव्याची नाकेबंदी करत होती. १६४० मध्येच, १ डिसेंबरला, खुद्द पोर्तुगालने स्पेनच्या राजाचे जू झुगारले. मराठ्यांच्या इथल्या वावराचा ठसठशीत पुरावा आपल्या नार्व्याला आहे. सप्तकोटेश्वराच्या देवळावरचा शिलालेख शके १५९०चा, म्हणजे नोव्हेंबर १६६८चा आहे. पिसुर्ले गावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याचे दप्तरखाने जन्मभर चाळले. पोर्तुगीज राज्यमंडळाचे १६१८ ते १७५० या काळातले ठराव त्यांनी १९५३ ते १९५७ या वर्षांत पाच खंडांत छापले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने मराठीत काढला. यातले एखादे पान कोणी उघडले असते तरी खोटेपणा उघड झाला असता. कोणी उघडले नाही, कारण लेखाला संदर्भ होते. संदर्भ दिसला की वाचक निर्धास्त होतो. संदर्भाच्या अंगी एवढी ताकद आहे, म्हणून तो कोणत्या कामासाठी दिला आहे, हे विचारायला हवे.

मोजणी कुठे थांबते

विज्ञानात या प्रश्नाला नेटके रूप दिले अमेरिकेच्या यूजीन गारफिल्ड यांनी. १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली. एखादा निबंध हाती घेतला, तर त्याच्यानंतर त्याचा उल्लेख कोणी कोणी केला, हे त्या सूचीत सापडावे. खोटी, अपुरी किंवा कालबाह्य माहिती डोळे झाकून पुढे दिली जाऊ नये, हा त्यांचा उघड हेतू होता. १९६४ पासून ही सूची नियमितपणे निघू लागली.

पुढे मात्र सूचीचा उपयोग मोजणीसाठी जास्त झाला. आज आपल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना ‘सायटेशन किती?’ हा प्रश्न पाठ झाला आहे. बढती, अनुदान, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, सगळीकडे हा आकडा हजर असतो. पण आकडा एवढेच सांगतो की उल्लेख पाचशे वेळा झाला. त्या पाचशेंपैकी किती जणांनी ती पद्धत वापरली, किती जणांनी निष्कर्ष खोडून काढला आणि किती जणांनी रिवाज म्हणून नाव घेतले, हे त्यातून कळत नाही.

गारफिल्ड यांनी स्वतःच साठच्या दशकात संदर्भ देण्याची पंधरा कारणे नोंदवली होती. पूर्वसूरींना मान देणे, पद्धत कुठून घेतली ते सांगणे, स्वतःची किंवा दुसऱ्याची चूक दुरुस्त करणे, कोणाचा दावा नाकारणे, पहिला शोध कोणाचा यावर वाद घालणे, अशी ती कारणे आहेत. १९७५ मध्ये मायकेल मोरावचिक आणि पी. मुरुगेसन यांनी भौतिकशास्त्रातले ३० निबंध घेऊन प्रत्येक संदर्भ हाताने तपासला. सुमारे ४० टक्के संदर्भ वरवरचे निघाले, म्हणजे ते काढून टाकले तरी निबंधाचे काही बिघडले नसते. हाताने तपासायचे तर ३० निबंध झाले की माणूस थकतो, आणि जगात दरवर्षी निघणाऱ्या निबंधांची संख्या लाखांत आहे. यंत्राची गरज इथे निर्माण झाली.

यंत्र वाक्य कसे वाचते

समजा, भातावरच्या एका निबंधात ही तीन वाक्ये आहेत. ‘भाताचे आनुवंशिक नकाशे अनेकांनी तयार केले आहेत.’ ‘जनुकांमधले अंतर कोसंबींच्या सूत्राने काढले.’ ‘आमचा निष्कर्ष आधीच्या निष्कर्षाशी जुळत नाही.’ तिन्ही वाक्यांपुढे संदर्भाचा आकडा आहे. मोजणी करणाऱ्याला तिन्ही सारखीच. वाचणाऱ्याला मात्र चटकन कळते की पहिले पार्श्वभूमी सांगते, दुसरे पद्धत वापरते आणि तिसरे निकालांची तुलना करते.

हे कळणे यंत्राला शिकवायचे, तर आधी माणसांनी हजारो वाक्ये वाचून प्रत्येकावर शिक्का मारावा लागतो. सिमोन टॉयफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे १२ प्रकार ठरवून यंत्राकडून वर्गीकरण करून घेतले. २०१९ मध्ये अर्मान कोहान आणि सहकाऱ्यांनी ११,०२० संदर्भवाक्यांचा साठा जाहीर केला. त्यात पार्श्वभूमी, पद्धत आणि निकालांची तुलना असे तीनच प्रकार आहेत. या वाक्यांपैकी बहुतेक यंत्राला उत्तरांसह देतात, उरलेली उत्तर झाकून ठेवतात आणि मग परीक्षा घेतात.

कोहान यांच्या कामातली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. मुख्य कामाबरोबर त्यांनी यंत्राला आणखी दोन गोष्टी ओळखायला लावल्या. हे वाक्य निबंधाच्या कोणत्या भागातले असेल, आणि या वाक्याला संदर्भाची गरज आहे का? त्यांचा सराव झाल्यावर यंत्र हेतूही अधिक अचूक ओळखू लागले. मुरलेला वाचकही तेच करतो. प्रस्तावनेतला उल्लेख आणि प्रयोगाच्या वर्णनातला उल्लेख तो एका तराजूत तोलत नाही.

२०१९ मध्येच आलेले सायबर्ट नावाचे भाषिक प्रारूप ११ लाख ४० हजार निबंधांवर घडवले गेले. त्यातले ८२ टक्के निबंध वैद्यक आणि जीवशास्त्रातले होते, उरलेले संगणकशास्त्रातले. हे प्रमाण ध्यानात ठेवा. यंत्राला हेतू ओळखता येतो तो त्याने वाचलेल्या विषयांत आणि त्याने वाचलेल्या भाषेत.

कोसंबींचे तीन निबंध

या यंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवायला मला गोव्याच्याच एका सुपुत्राचा आधार घ्यावासा वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले आणि १९६६ मध्ये पुण्यात वारले. गणित, संख्याशास्त्र, नाणी, संस्कृत पाठचिकित्सा, इतिहास अशा सगळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्यांच्या तीन निबंधांच्या वाट्याला तीन वेगळी नशिबे आली.

पहिला निबंध १९४४चा, चार पानांचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना लिहिलेला. गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत, हे संकरातून जन्मलेल्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटली यावरून ठरवतात. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यासाठी एक सूत्र दिले होते. गुणसूत्रांची एका जागची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीवर काही परिणाम करत नाही, असे त्यात धरले होते. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता बहुधा कमी होते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला. दोन जनुके २० टक्के वेळा सुटत असतील, तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. आज भात, गहू, भुईमूग यांचे नकाशे करणाऱ्या संगणकप्रणालींत ‘कोसंबी’ हा पर्याय असतो. या निबंधाचे संदर्भ यंत्राला ओळखायला सोपे, कारण अशा वाक्यांत बहुधा ‘वापरले’ किंवा ‘काढले’ असे क्रियापद असते. हा नुसत्या मानाचा उल्लेख नाही. या चार पानांवर कोणीतरी खरोखर काम उभे केले आहे, हे यंत्र आकडेवारीनिशी दाखवू शकते.

सूत्र इतके अंगवळणी पडले की आता अनेक जण मूळ निबंधाचा उल्लेखही करत नाहीत, प्रणालीचे नाव देऊन पुढे जातात. ज्ञान पूर्णपणे पचले की संदर्भ गळून पडतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगितले होते. केवळ मोजणीवर विसंबणाऱ्याला हे यश दिसत नाही.

दुसरा निबंध १९४३चा, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला. यादृच्छिक रीतीने बदलत जाणारी राशी परस्परांत न मिसळणाऱ्या घटकांत कशी मांडावी, ही त्यातली कल्पना आहे. काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. प्रतिमा कमी जागेत साठवणे, चेहरे ओळखणे, खळाळत्या प्रवाहांचा अभ्यास करणे, अशा कामांत ती आजही वापरली जाते. महायुद्ध पेटलेले असताना भारतात छापलेला निबंध युरोपातल्या गणितज्ञाच्या टेबलावर पोचणे दुरापास्त होते. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव त्या दोन नावांच्या आधी जोडतात. पण कित्येक दशके जो संदर्भ दिलाच गेला नाही, त्याचा हेतू यंत्र कसा ओळखणार? हेतू ओळखणारे यंत्र फक्त लिहिलेली वाक्ये वाचते. न लिहिलेला संदर्भ शोधायला मजकुराची आणि सूत्रांची साम्ये ताडून पाहणारे वेगळे यंत्र हवे. मुख्य म्हणजे, जुन्या भारतीय नियतकालिकांचे अंक त्याला वाचता येतील अशा रूपात आधी उपलब्ध हवेत.

तिसरा निबंध या दोन्हींच्या दहाबारा वर्षे आधीचा, अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत आलेला. ‘बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे सामान्यीकरण’ असे त्याचे शीर्षक आहे. या डी. बुर्बाकीची ओळख त्यात एक अल्पपरिचित रशियन गणितज्ञ अशी करून दिली आहे. असा गणितज्ञ कधी झालाच नाही. त्या काळी अलिगढला असलेले फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेईल यांच्या सूचनेवरून तरुण कोसंबींनी तो रचला. प्रतिस्पर्ध्याला शह देण्याचा त्यामागे बेत होता, असे वेईल यांच्या आठवणींवरून दिसते. हे नाव पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या १९२३ मधल्या एका खोडीतून आले होते. १९३५ च्या सुमारास वेईल आणि त्यांच्या मित्रांनी त्याच नावाखाली गणिताची सामूहिक ग्रंथरचना सुरू केली आणि ‘निकोला बुर्बाकी’ विसाव्या शतकातले एक प्रतिष्ठित नाव झाले. छापील गणितात ते नाव प्रथम आले ते मात्र कोसंबींच्या या निबंधात.

या निबंधातल्या बुर्बाकीच्या संदर्भावर यंत्र कोणता शिक्का मारील? ‘अमुकाच्या प्रमेयाचा विस्तार करतो’ असे वाक्य दिसले की ‘पूर्वीच्या कामाचा विस्तार’ हा शिक्का. संदर्भांच्या प्रकारांत हा सर्वांत मानाचा. वाक्यापुरते पाहिले तर उत्तर अगदी बरोबर. ज्याचा विस्तार केला तो मुळात नाहीच, ही गोष्ट वाक्याबाहेरची आहे. तरुणपणी एकदा केलेला हा खेळ आज फार गंभीर झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची लेखनयंत्रे अस्तित्वात नसलेले संदर्भ सहज आणि ऐटीत रचून देतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने अशाच बनावट खटल्यांचे दाखले दिल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला.

चुकांची वंशावळ

संदर्भ खरा असूनही फसवा ठरू शकतो. जानेवारी १९८० मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची होती, एवढेच त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले गेले. ७२ टक्के उल्लेखांत ते ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते. ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही अट ८१ टक्के लेखकांनी सांगितलीच नव्हती. अमेरिकेत या गोळ्यांनी अनेक घरे उद्ध्वस्त केली. त्या अनर्थाला हातभार लावणाऱ्या गैरसमजामागे अट गाळून दिलेला हा संदर्भही होता. ही तपासणी माणसांनी केली. आज हेतू ओळखणारे यंत्र ‘पुरावा म्हणून वापरलेले’ उल्लेख लगेच वेगळे काढू शकते. मूळ पत्रातली अट पुढे कुठे गळाली, हे मग जाणकाराने तपासायचे. सगळ्या उल्लेखांतून संशयास्पद तेवढेच पुढ्यात येणे, ही तपासनिसाला मिळणारी फार मोठी मदत आहे.

न वाचता संदर्भ दिले जातात, हे आकड्यांनी दाखवले एम. सिमकिन आणि व्ही. रॉयचौधुरी यांनी २००३ मध्ये. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख त्यांनी पाहिले. १९६ ठिकाणी खंड किंवा पानाच्या आकड्यात चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच चूक ७८ ठिकाणी आली होती. इतक्या लोकांच्या हातून नेमकी तीच चूक स्वतंत्रपणे होणे शक्य नाही. त्यांनी दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उतरवून घेतले, हे उघड आहे.

ही तर्कपद्धती आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हेच शास्त्र राबवले. अनेक पोथ्यांत सारखीच चूक असेल तर त्या एका मूळ पोथीतून उतरल्या. स्वतः कोसंबींनी १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा शेकडो पोथ्यांची कुळे त्यांनी याच रीतीने लावली. चुकांवरून वंशावळ लावण्याची ही विद्या आपल्या पाठचिकित्सकांच्या हाडीमांसी भिनलेली आहे. संदर्भांच्या विज्ञानात आपण पोरके नाही. ही आपली हक्काची परंपरा आहे, आणि यंत्राच्या जोडीने ती पुढे नेण्याचा अधिकारही आपला आहे.

आपल्याकडचे काम

मला कळकळीने सांगायचे आहे ते हे. संदर्भाचा हेतू ओळखणारे यंत्र चांगले आहे आणि त्याला शत्रू मानू नये. आंधळ्या मोजणीतून ते आपल्याला सोडवू शकते. पण संदर्भ म्हणजे एक वचन असते: ‘मी तिथे जाऊन पाहिले, तुम्हीही जाऊन पाहू शकता.’ वचनाची भाषा यंत्र वाचू शकते. वचन पाळले की नाही, हे मुळापर्यंत गेलेल्या माणसालाच कळते. यंत्राने दाखवावे की कुठे जायचे, आणि जायचे आपण.

पेडणे आणि डिचोलीला याची निकड इतरांहून जास्त आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले, पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे या नव्या काबिजादींचा इतिहास मोडीत लिहिलेली मराठी दप्तरे आणि पोर्तुगीज दप्तरे असा दोन ठिकाणी विखुरला आहे. एखादे विधान पोर्तुगीजमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत येते आणि वाटेत त्याची तारीख, गावाचे नाव किंवा अट निसटते. देवस्थान, जमीन, खाणी यांवरच्या अहवालांतही आधीच्या अहवालातली वाक्ये पुढे चालत राहतात. आपल्या गावाबद्दल दूर कुठे काही लिहिले गेले, तर ते तपासण्याची साधने आणि गावाची जाण दोन्ही आपल्याकडे आहेत. आपण तपासले नाही तर दुसरे कोण तपासणार?

म्हणून या व्यासपीठावरून एक काम सुचवतो. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालयातल्या आणि डिचोलीतल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एकत्र यावे. नव्या काबिजादींवर मराठीत लिहिलेली पाने घ्यावीत. प्रत्येक तळटिपेवर शिक्का मारावा: पार्श्वभूमी, पुरावा, मतभेद, की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेला दाखला. त्यापुढे आणखी एक रकाना ठेवावा: मूळ पाहिले का, आणि मुळात तेच लिहिले आहे का. पाहण्यासाठी १५९५ मध्ये सुरू झालेला दप्तरखाना पणजीला आहे, १८३२ पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकच तळटीप स्वतंत्रपणे तपासावी. दोघांचे एकमत झाले नाही तर शिक्षकांनी त्यावर वर्गात चर्चा घडवावी. त्या चर्चेत विद्यार्थी पुरावा म्हणजे काय ते शिकतील, आणि तो नोंदवलेला साठा यंत्रालाही मराठी संदर्भ वाचायला शिकवील. जगात या विषयाचे बहुतेक साठे इंग्रजी आहेत. शेवटचा रकाना भरलेले साठे तर फारच थोडे असतील.

या कामाला मोठे अनुदान लागत नाही, नवी इमारत लागत नाही. चांगला शिक्षक, ग्रंथपालाचे सहकार्य आणि मूळ पान उघडून पाहण्याची चिकाटी लागते. पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर विद्यार्थ्यांनी येऊन आपल्या पहिल्या नोंदी वाचून दाखवाव्यात, अशी संयोजकांना विनंती करतो आणि थांबतो.